कशावरून?

या खेपेचं संपादकीय अकरावी-बारावीच्या पोरापोरींसाठी आहे. यात मोर्च्याची हाक नाही, कुठल्या गटाच्या फाटाफुटीवर मल्लिनाथी नाही. अभ्यासाचं पुस्तक वाचायचं कसं आणि उत्तर लिहायचं कसं, एवढंच सांगायचं आहे. आमचे काही जुने दोस्त तोंड वाकडं करतील. म्हणतील, संपादक म्हातारा झाला, मास्तरकी करायला लागला. म्हणू देत. मास्तरांनी जे शिकवलं नाही ते कुणीतरी शिकवायला पाहिजे. 'शिका' हा शब्द आपण भिंतीवर रंगवला, बॅनरवर लिहिला, जयंतीला डीजेवर वाजवला. पण शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, पेन्सिल घेऊन बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे आपल्या पोरांना आपण कधी सांगितलं? नाही सांगितलं. कारण ते आपल्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

माझंच सांगतो.

बारावीला होतो. चाचणीत निबंध आला, 'पाण्याचे महत्त्व'. मी दीड पान लिहिलं आणि दीड पानभर 'पानी' लिहिलं. घरात पानी, नळावर पानी, आजीच्या तोंडी पानी, मग वहीत 'पाणी' कुठून येणार? सरांनी वही उंच धरली आणि वर्गाला वाचून दाखवली. प्रत्येक 'पानी'पाशी थांबून. म्हणाले, ज्याला न आणि ण कळत नाही त्यानं बारावीला बसायचं धाडस करू नये. वर्ग हसला. मीही हसलो. वर्गाचं हसणं मी विसरलो. माझं स्वतःचं अजून झोंबतं.

त्या निबंधात मी काय लिहिलं होतं माहितीय? लिहिलं होतं की आमच्या वस्तीत पाणी पहाटे साडेचारला येतं आणि पाऊण तासात जातं. खालच्या सोसायटीच्या टाक्या मात्र दिवसभर भरलेल्या. आणि दोन्हीकडची मोठी लाईन एकच आहे, कारण ती फुटली तेव्हा दोन्हीकडचं पाणी गेलं होतं. बारावीतल्या पोराचा हा साधा युक्तिवाद. निरीक्षण होतं, तुलना होती, पुरावा होता. सरांनी त्यावर टिक केली नाही, फुलीही मारली नाही. सतरा ठिकाणी लाल शाईनं ण काढला आणि खाली लिहिलं, 'भाषा सुधारा'.

मी भाषा सुधारली. म्हणजे काय केलं? रद्दीवाल्याकडून गाईड आणलं आणि रट्टा मारला. 'पाणी हे जीवन आहे. पाण्याविना सजीवसृष्टीची कल्पनाही करवत नाही.' असली तुळतुळीत वाक्यं. कुणाच्या नळाला पाणी आहे आणि कुणाच्या नाही, याचा त्यात पत्ता नाही. बोर्डात फर्स्ट क्लास मिळाला. आईनं वस्तीत पेढे वाटले. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका प्राध्यापकांनी माझं ट्युटोरियल परत दिलं आणि शांतपणे विचारलं, हे पुस्तकात आहे, ठीक. तुमचं म्हणणं काय? मी खाली बघत उभा राहिलो. फर्स्ट क्लासवाल्या माणसाकडे स्वतःचं एक वाक्य नव्हतं. जे होतं ते बारावीच्या वर्गात सोडून आलो होतो.

आज आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग भरतो. अकरावी-बारावीची पंधरा-वीस पोरं येतात. मागच्या पावसाळ्यात एका पोरीला मी तोच विषय दिला, पाणी. पोरगी तिखट. पहाटे नळावरच्या भांडणात चार बायांना गप्प करते, मुद्द्याला मुद्दा लावून. म्हटलं, ही आता फाडणार. तिनं वही दिली. पहिलं वाक्य, 'पाणी हे जीवन आहे.' माझ्या पोटात कालवलं. इतकी वर्षं गेली, गाईड जाऊन मोबाईलवरची पीडीएफ आली, आता तर मोबाईलमधलं यंत्रच अख्खा निबंध लिहून देतं, पण वाक्य तेच! न आणि ण दोन्ही जागच्या जागी. फक्त पोरगी त्यात कुठंच नव्हती.

तेव्हा सवाल हा आहे. नळावर युक्तिवाद करणारी पोरगी वहीत मुकी का होते?

उत्तर सोपं आहे. शाळा या गोष्टीची परीक्षा घेते, ती शिकवत मात्र नाही. 'तुमचे मत सोदाहरण स्पष्ट करा', 'चिकित्सा करा', 'सारांश लिहा' असं प्रश्नपत्रिकेत छापलेलं असतं. पण चिकित्सा म्हणजे हाताने नेमकं काय करायचं हे किती वर्गांत करून दाखवलं जातं? पांढरपेशा घरात त्याची गरज पडत नाही. तिथं जेवायच्या टेबलावर बाप पेपर वाचतो, पोरगा काहीतरी बोलतो, बाप विचारतो, कशावरून म्हणतोस? पोरगा कारण देतो. बाप म्हणतो, पण दुसरी बाजू बघ ना. रोज रात्री फुकटचा क्लास. दहा वर्षांनी तो पोरगा पेपरात चार परिच्छेद मुद्देसूद लिहितो आणि सगळे म्हणतात, उपजत हुशारी! उपजत कसली घंट्याची? हे वतन आहे. त्याला सातबारा लागत नाही, पण वारसाहक्कानं बरोबर पोचतं. आमच्या घरी बाप दोन पाळ्या करून येतो आणि झोपतो. त्यानं 'कशावरून' विचारायचं कधी?

आणि ही फक्त आपल्या वस्तीची गोष्ट नाही. ज्या काळ्या माणसांच्या चळवळीवरून १९७२ साली मुंबईत पँथर हे नाव घेतलं गेलं, त्यांच्याकडेही हाच मामला झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सिटी कॉलेज आहे. तेव्हा तिथं फी नव्हती, पण भोवती काळी वस्ती आणि आत बहुतेक पोरं गोरी. १९६९ च्या एप्रिलमध्ये काळ्या आणि पोर्टोरिकन विद्यार्थ्यांनी आवारात ठिय्या मारून गेटं बंद केली. १९७० साली त्या शहराच्या विद्यापीठाला दार उघडावं लागलं. शहरातल्या हायस्कुलातून पास झालेल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा मिळाली. मग आलेल्या पोरांचे निबंध बघून प्राध्यापकमंडळी हबकली. ही काय भाषा? ही पोरं शिकण्याच्या लायकीची आहेत काय? ओळखीचा सूर आहे ना?

तिथं मिना शॉनेसी नावाची एक शिक्षिका होती. तिनं नाक मुरडलं नाही. १९७० ते १९७४ मधले अशा पोरांचे चारेक हजार निबंध ती वाचत बसली आणि १९७७ साली 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं. या चुका आंधळ्या नाहीत, त्यांच्यामागे हिशेब आहे. ही पोरं मठ्ठ नाहीत, लिहिण्याच्या दुनियेत नवीन आहेत. चूक कुठल्या हिशेबानं झाली हे शोधणं हे मास्तरचं काम. ते वाचलं तेव्हा मला माझे सतरा 'पानी' आठवले. सतरा ठिकाणी एकसारखा न लिहिणारा पोरगा निष्काळजी नसतो. तो त्याच्या कानाचा नियम इमानदारीनं पाळत असतो. छापील नियम त्याला कुणी नीट सांगितलेला नसतो, इतकंच. हेही ध्यानात ठेवा की १९७६ साली त्याच विद्यापीठानं फी लावली. उघडलेलं दार कसं परत लोटलं जातं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता एक फसवणूक उघडी करतो. अभ्यासाचं लिहिणं म्हणजे जडजड शब्द, असं आपल्या डोक्यात भरवलेलं आहे. 'तद्वतच', 'यास्तव', 'अनन्यसाधारण महत्त्व'. दोस्तांनो, हे सगळं वरचं झगमग कापड आहे. आणि 'शुद्धलेखन' हा शब्दच बघा. शुद्ध आणि अशुद्ध! विहिरीवरून हाकललं तेव्हा हेच दोन शब्द वापरले होते. मी त्याला प्रमाणलेखन म्हणतो. ते शिकायचंच. पोस्टाचा पत्ता सगळ्यांनी एका पद्धतीनं लिहिला तर पत्र पोचतं, तसं ते आहे. आठवड्याला दहा शब्द, सहा महिन्यांत मामला खतम. पण ते हत्यार नव्हे. हत्यार म्हणजे आपलं म्हणणं मांडणं, त्याला कारण आणि पुरावा देणं, समोरच्याचं म्हणणं प्रामाणिकपणे ऐकून त्याला उत्तर देणं. व्यवस्थेनं आपल्याला कापडाच्या नावानं हिणवलं आणि हत्यार लपवून ठेवलं.

हत्यार कसं चालवायचं ते बघायचं असेल तर बाबासाहेबांकडे चला. फोटोला हार घालायला नाही, वही बघायला. ९ मे १९१६. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांचा भीमराव एक निबंध वाचतो, 'कास्ट्स इन इंडिया'. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून येतो. शाळेत ज्याला संस्कृतच्या वर्गात बसू दिलं नाही, फारसी घ्यायला लावली, तो पोरगा जातीवर बोलायला उभा राहिलाय. त्याच्याजागी आपण असतो तर काय केलं असतं? सुरुवातच शिवीनं केली असती. बाबासाहेब काय करतात? आधी चार विद्वान समोर बसवतात. फ्रान्सचे सेनार, इंग्रज नेसफील्ड आणि रिस्ली, आणि आपले केतकर. जात म्हणजे काय, याची प्रत्येकाची व्याख्या जशीच्या तशी वाचून दाखवतात. मग एकेकाला तपासतात. सेनार म्हणतात विटाळ. बाबासाहेब म्हणतात, विटाळाची कल्पना तर जिथं जिथं पुरोहित आणि कर्मकांड आहे तिथं सगळीकडे सापडते, ती एकट्या जातीची खूण कशी? नेसफील्ड म्हणतात, परक्याबरोबर जेवत नाहीत ती जात. बाबासाहेब म्हणतात, तुम्ही परिणामाला कारण समजलात. रिस्लींच्या व्याख्येत नवीन काही नाही म्हणून तिला ते दोन ओळींत सोडतात. केतकर दोन लक्षणं सांगतात, जन्मानं मिळणारं सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब म्हणतात, ही दोन नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलं की सभासद आपोआप जन्मानेच होणार. आणि मग स्वतःचं म्हणणं मांडतात, की जातीच्या आतच लग्न लावणं हाच जातीचा गाभा. तिथून पुढं सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली जात राखायला कशा कामाला आल्या, ते एकेक पायरी करून दाखवतात. शेवटी म्हणतात, माझं म्हणणं टिकत नाही असं कुणी दाखवून दिलं तर ते सोडायची माझी तयारी आहे.

बघितलंत? एकही जड शब्द लागला नाही मला हे सांगायला. आधी दुसऱ्याचं नीट ऐका. त्यात काय बरोबर, काय कमी, ते सांगा. मग आपलं मांडा. मग ते सिद्ध करा. आणि चुकलो तर मागं घ्यायची तयारी ठेवा. बारावीच्या निबंधाला याहून जास्त काय लागतं?

इथं आमचा एक विद्रोही दोस्त मला अडवतो. तो म्हणतो, अरे, ही सगळी विद्यापीठी भाषा बामनी आहे. आपल्या साहित्यानं ती लाथाडली. ढसाळांनी १९७२ साली 'गोलपिठा' आणला तो काय प्रमाणभाषेचं सर्टिफिकेट घेऊन? बरोबर आहे, दोस्त. नव्हताच. कवितेला जी बोली लागते ती आपल्या गल्लीचीच लागते आणि ती कुणापुढे झुकवायची नाही. पण कारण मागणं आणि पुरावा देणं ही काय बामनांची इस्टेट आहे? १८५५ सालची गोष्ट घे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली पोर, मुक्ता साळवे. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिची मांडणी बघ. ते म्हणतात वेद फक्त आमचे, दुसऱ्यानं बघायचेही नाहीत. ठीक. मग आमच्याकडे धर्मग्रंथच नाही. आणि ग्रंथ नाही तर आम्ही धर्माशिवायची माणसं ठरलो! समोरच्याचंच वाक्य घेऊन तिनं त्याला कोपऱ्यात नेलं. शाळकरी पोर! आणि त्याच्याही कितीतरी आधी बुद्धानं कालामांना काय सांगितलं? परंपरेनं आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. 'कशावरून' हा प्रश्न आपल्या घरचा आहे. तो दुसऱ्याच्या नावावर करून देणं हा विद्रोह नाही, येडेपणा आहे.

आता कामाचं बोलू. आमच्या वर्गात आम्ही जे करतो ते सांगतो. यात जादू काही नाही.

वाचायचं तीनदा. पहिल्यांदा पेन्सिल खाली ठेवून सरळ वाचा. अडलेल्या शब्दापाशी थांबू नका, एवढंच बघा की गडी कशाबद्दल बोलतोय. दुसऱ्यांदा पेन्सिल घ्या. लेखकाचं मुख्य म्हणणं ज्या वाक्यात आहे त्याच्याखाली रेघ ओढा. अख्खं पान पिवळं करू नका, एका परिच्छेदाला एक रेघ. जिथं कारण किंवा पुरावा दिलाय तिथं टिंब. जिथं दावा आहे पण पुरावा नाही तिथं समासात लिहा, 'कशावरून?' तिसऱ्यांदा पुस्तक मिटा आणि शेजारच्याला आपल्या बोलीत चार वाक्यांत सांगा. सांगता आलं तर कळलं. नाही आलं तर परत उघडा. पाठांतरात हा तिसरा टप्पाच नसतो, म्हणून पाठ केलेलं परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उडून जातं.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. व्याकरणाच्या तासाला कर्तरी-कर्मणी प्रयोग घोकलाय ना? दोन मार्कांसाठी? त्याचा खरा उपयोग वाचताना आहे. पुस्तकात वाक्य येतं, 'अस्पृश्य गावाबाहेर ठेवले जात असत.' कर्मणी. ठेवलं कुणी? कर्ता गायब. पेपरात येतं, 'झोपड्या हटवण्यात आल्या.' कुणी हटवल्या? कुणाच्या हुकमानं? 'गटारात गुदमरून सफाई कामगाराचा मृत्यू.' मृत्यू जणू आपल्या पायानं चालत आला! त्याला खाली उतरवलं कुणी? हातानं मैला काढायला लावण्यावर १९९३ साली कायद्यानं बंदी आली, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला, मग उतरवणारा कायदा मोडून बसलाय, त्याचं नाव वाक्यात का नाही? आमच्या वर्गात दर रविवारी एक पेपर येतो आणि पोरं त्यातले गायब झालेले कर्ते शोधतात. एकदा ही नजर बसली की इतिहासाचं पुस्तकही वेगळं दिसायला लागतं.

लिहायचं कसं? आधी एक वाक्य. फक्त एक. 'माझं म्हणणं असं आहे की...' हे वाक्य जमेपर्यंत दुसरं लिहू नका. त्याच्याखाली 'कारण', त्याच्याखाली पुरावा. पुरावा म्हणजे आकडा, तारीख, कागद, पुस्तकातलं वाक्य, किंवा डोळ्यांनी बघितलेली आणि मोजलेली गोष्ट. मग एक वाक्य विरोधकाचं, त्याला कमजोर करून नाही, तो स्वतः मान्य करील असं. मग त्याला उत्तर. एका परिच्छेदात एकच मुद्दा. सगळं झाल्यावर मोठ्यानं वाचा, जिथं दम लागतो तिथं वाक्य तोडा. आणि सगळ्यात शेवटी न, ण, ऱ्हस्व, दीर्घ बघा. शेवटी! आधी ते बघत बसाल तर भीतीनं हात गोठतो. माझा गोठला होता.

पुराव्याची ताकद किती असते? पुन्हा पाण्याकडेच चला. २० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं पेटलं. त्याच वर्षी १२ डिसेंबरला स्पृश्यांनी बाबासाहेबांवर आणि साथीदारांवर दिवाणी दावा ठोकला. तळ्यावर अस्पृश्यांनी यायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असं त्यांचं म्हणणं. दहा वर्षं दावा चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला. सवाल एकच होता. रूढी अनादी आहे म्हणता, कशावरून? त्यांना ते सिद्ध करता आलं नाही. दावा पडला. शेकडो वर्षांची मग्रुरी कोर्टात पुराव्याअभावी आडवी झाली. तळ्यावर हजारो पावलं गेली म्हणून लढाई झाली, आणि कागद नीट वाचणारी-लिहिणारी माणसं होती म्हणून ती कोर्टातही टिकली. आपल्याला दोन्ही लागतात.

आता चोरीबद्दल. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव घाला. विद्यापीठात याला मोठमोठी नावं आहेत, आम्ही पोरांना सोपं सांगतो. नाव न घालता दुसऱ्याचं वाक्य वापरणं म्हणजे माणसाला राबवून घेऊन मजुरी न देणं. वेठबिगारी. आपल्या बापजाद्यांनी ती भोगली, आपण ती कुणाकडून करून घ्यायची नाही. आणि मोबाईलमधलं यंत्र? त्याला शब्दाचा अर्थ विचारा, उतारा समजत नसेल तर विचारा, त्यानं दिलेलं उत्तर पुस्तकाशी ताडून बघा. पण तुमचं पहिलं वाक्य त्याच्याकडून घेऊ नका. त्याला आपल्या नळाला पाणी किती वाजता येतं ते माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

त्या पोरीला आम्ही तेवढंच सांगितलं. म्हटलं, 'पाणी हे जीवन आहे' यावर काट मार. आता तू नळावर काय बोलतेस ते लिही. ती म्हणाली, सर, ते कुठं निबंधात चालतं? म्हटलं, चालतं. पण मोजून लिहायचं. तिनं एका वहीवर आठवडाभर टाचण ठेवलं. पाणी आलं किती वाजता, गेलं किती वाजता, रांगेत हंडे किती, तिचा नंबर कितवा, त्या दिवशी कॉलेजचा पहिला तास गेला की मिळाला. सात दिवस, सात ओळी. मग तिनं पहिलं वाक्य लिहिलं. 'आमच्या गल्लीतल्या मुलींचा सकाळचा पहिला तास पाण्याच्या वेळेमुळे बुडतो, हे माझे म्हणणे आहे.' खाली सात दिवसांचा तक्ता. त्याखाली विरोधकाचं म्हणणं, 'पाणी सगळीकडेच कमी आहे.' त्याखाली तिचं उत्तर, खालच्या सोसायटीच्या पाण्याच्या वेळा, तिथं धुणीभांडी करणाऱ्या तिच्या मावशीकडून विचारून घेतलेल्या. माहिती कुणी दिली, तेही लिहिलं होतं. दोन पानांत चार ठिकाणी 'पानी' होतं. ते आम्ही शेवटी बसून नीट केलं, कुणी हसलं नाही.

नंतर गल्लीतल्या बाया म्हणाल्या, हेच वॉर्ड ऑफिसात देऊ. तिनंच अर्ज केला, तक्ता जोडला, पोचेचा शिक्का घेतला. साहेब म्हणाले, बाई, सगळीकडे असंच आहे. पोरगी म्हणाली, साहेब, कशावरून? तुमच्याकडे वेळापत्रक असेल तर दाखवा. साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि कागद परत वाचायला घेतला. खोटं सांगत नाही, पाण्याची वेळ अजून बदललेली नाही. अर्ज अजून टेबलावर आहे, ती दर पंधरवड्याला विचारायला जाते. पण त्या दिवशी साहेबानं कागद दुसऱ्यांदा वाचला. माझ्या सरांनी माझा एकदाही वाचला नव्हता.

बारावीला शिकवणाऱ्या आपल्या मास्तर-बाईंना हात जोडून सांगणं आहे. वर्गात साठ-सत्तर वह्या असतात, पगार वेळेवर होत नाही, निवडणुकीची ड्युटी लागते, सगळं मान्य. तरी प्रत्येक वहीत लाल शाईनं एक तरी प्रश्न लिहा, 'कशावरून?' 'पुढे काय?' 'तुझं काय म्हणणं?' नुसता ण काढून वही परत देऊ नका. आणि कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या वर्गणीतून एक कपाट, एक शब्दकोश, दोन डझन पेन्सिली आणि दोन रोजचे पेपर येतात. विहाराला कुलूप लावून ठेवू नका. संध्याकाळी दोन तास उघडा, ट्यूबलाईट लावा. बारावी, बी.ए. झालेल्या एकानं बसायचं आणि एवढंच विचारायचं, कशावरून?

पोरापोरींनो, तुम्हाला सांगणं इतकंच. बारावीनंतर सीईटी द्यावी लागेल, स्कॉलरशिपचे फॉर्म भरावे लागतील, कुणाला फेलोशिपसाठी दोन पानं स्वतःबद्दल लिहावी लागतील, कुणाला पोलीस ठाण्यात जबाब द्यावा लागेल आणि सही करण्याआधी तो वाचावा लागेल. सगळीकडे एकच गोष्ट लागणार आहे, समोरचा कागद काय म्हणतो ते ओळखणं आणि आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडणं. ती कुणाच्या बापाची नाही. शिकता येते, रोज अर्धा तास दिला तर वर्षात येते.

पुढच्या अंकाची आठ पानं आम्ही तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहेत. कविता भरपूर येतात, येऊ द्या. पण या वेळी एक पानाचा निबंध पाठवा. विषय तुमच्या गल्लीतला. पहिल्या वाक्यात तुमचं म्हणणं, खाली पुरावा, खाली विरोधक, खाली तुमचं उत्तर. न आणि ण ची फिकीर करू नका. ते आपण मिळून बघू.

जय भीम.